नाव काढलं

पोर्टलवर पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीखाली दिपालीचा शेरा होता, ‘नाव काढलं. आता एकदम फायनल.’

तनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. बियाणे कंपनीची ही पेरणी पुस्तिका तिनं लातूरच्या ऑफिसात बसून पानन् पान लिहिली होती. नांदेडच्या दिपालीनं भोकरकडचे फोटो तेवढे टाकले. तरी कौतुक दिपालीचं! ती नोकरीत आधी लागलेली, त्यात गोड बोलणारी. मीटिंगमध्ये गुरुपादप्पा साहेब तिच्याकडेच बघून हसायचे आणि तनुजाच्या पोटात दुखायचं. आता याच पुस्तिकेवरून साहेब विभागाची प्रमुख निवडणार होते.

पोर्टलवर ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा फायलींचा ढीग होता. एक उघडेपर्यंत कपभर चहा पिऊन व्हायचा, म्हणून सगळं ऑफिस शेरा वाचूनच भागवायचं. तनुजानंही तेच केलं आणि तडक नांदेडला फोन लावला.

“दिपालीताई, नाव काढलंत म्हणे.”

“हाव. लई दिवस मनात होतं बघ.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू काढू दिलं असतंस का? उघडून बघ की, कव्हर किती छान दिसून राहिलं.”

वर हसलीसुद्धा! तनुजानं फोन आपटला आणि जुनी आवृत्ती परत आणायचं बटण दाबलं. त्या कव्हरवर दोघींची नावं होती. शेऱ्यात तिनं लिहिलं, ‘चूक दुरुस्त केली.’ पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून फाईलला लॉकही घातलं. बस म्हणावं आता बोंबलत. दिवसभर ती खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

“मन असावं तर असं,” ते म्हणाले. “परवा कव्हरवर एकच नाव बघून मी प्रमुखपदाची ऑर्डरसुद्धा तयार ठेवली होती. पण ह्या पोरीनं दुसरं नाव परत आणलं. वर लिहिलं काय, तर चूक दुरुस्त केली! आता दोन नावं म्हणल्यावर सीनियर बघावी लागती. दिपाली प्रमुख.”

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर तनुजानं विचारलं,

“साहेब, ती आधीची ऑर्डर?”

“फाडली की. दिपालीनं स्वतःचं नाव काढल्यावर कव्हरवर तुझंच तर उरलं होतं.”