सासऱ्यांचा बार

सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि गल्लीतला बिअर बार सुनेच्या गळ्यात पडला. सासरे स्वतः बनवायचे ती बिअर प्यायला लोक चार गल्ल्या ओलांडून यायचे, त्यामुळे तिला धाकधूकच होती. पहिल्याच सकाळी तिने पिंपापासून तोटीपर्यंतची नळी सोडवली, तर आतून काळा, बुळबुळीत लगदा ओघळला. त्या आंबूस वासाने तिला भडभडून उलटी झाली. तरी नाकाला फडकं बांधून तिने दुपारपर्यंत सगळ्या नळ्या उकळत्या पाण्याने लख्ख धुतल्या.

संध्याकाळी सासऱ्यांनीच बनवून ठेवलेल्या बिअरचा पहिला घोट त्यांच्या जुन्या दोस्ताने घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! सूनबाई, सासऱ्यांच्या हातची चव पार घालवलीस की गं!"