जिभेखालचे दाणे

भागीबाईने डुकरिणीच्या जबड्यात आडवं लाकूड सारलं, चिंधीने जीभ पकडून बाहेर ओढली आणि बाभळीचा काटा हातात घेतला. डुकरीण किंचाळली. तिचं नाव चिमणी, अंगाने मात्र चांगली म्हशीच्या पारडाएवढी.

दारणा नदीवरून पाणी घेऊन येणारी शेजारची फुलाबाई थबकली.

"काय करतीस गं सकाळी सकाळी?"

"दिसतं ते."

फुलाबाईला दिसलं ते कळलंही. गेल्या साली देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोजिरांच्या पोटात लांबलचक जंत निघाले होते. तेव्हापासून छावणीचा डॉक्टर प्रत्येक डुकराची जीभ ओढून बघायचा. खाली तांदळासारखे पांढरे दाणे दिसले की जनावर परत. मग काही लबाड लोक आधीच काट्याने दाणे टोकरून काढायचे. वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, उघड्यावर कुणी करत नसे एवढंच.

"जिभेचे काढशील, मांसातले कसे काढशील?" फुलाबाई म्हणाली. "खाणाऱ्याच्या पोटात किडा होईल की."

"कुनाच्या पोटात काय बी होनार नाय. तू जा घरी."

"काल उपासाला म्हणून माझ्याकडून मूठभर साबुदाणा नेलास, आन् आज हे पाप! देवाला तरी भी."

"देवाचं मी बघते," भागीबाई म्हणाली आणि पाठ फिरवली.

फुलाबाईला राग आला, पण कीवही आली. छावणीत बादशहाच्या ज्युबिलीचा मोठा खाना होता. काल छावणीला मांस पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम चंदर काठी फिरवत वस्तीत आला आणि त्याने नेमकी चिमणीच निवडली. हिच्या पिल्लांवर घर चालतं, देणार नाही, असं भागीबाईने त्याला तोंडावर सांगितलं. वस्तीत दुसऱ्या कुणाची अशी छाती झाली नव्हती. चंदर शांतपणे म्हणाला, "उद्या छावणीच्या फाटकावर आणायची. नायतर तुझी झोपडी दारणेत." झोपडी गेली तर माणसाने जावं कुठे? शेवटी बाईने मान तुकवली, असं फुलाबाईने मनाशी ठरवलं.

फाटकावर मात्र भागीबाईची मान ताठ होती. दोरी डॉक्टरच्या हातात देत ती मोठ्याने म्हणाली, "माझी चिमणी साफ हाय. नीट बघून घ्या."

डॉक्टरने जीभ ओढली, अंगठा फिरवला आणि हात झटकला.

"दाणे आहेत. हे जनावर आत येणार नाही."

चंदर खवळला. "भवाने, सडका माल घेऊन आलीस?"

"सडका तू. माझी डुकरीण साफ हाय."

"अहो बाई, मला दिसतंय ना," डॉक्टर वैतागला.

"तुमाला दिसू द्या. मी मरेपर्यंत हेच सांगीन, साफ हाय!"

पहारेकरी हसले. चंदरने काठी उगारली, तरी ती हलली नाही. "मार. आनायला सांगितलीस, आनली. आता झोपडीला हात लावून दाखव, हितं साहेबासमोर बोलते."

चंदरने डॉक्टरकडे पाहिलं आणि काठी खाली घेतली. "हिचं जनावर पुन्हा माझ्या नजरेला नको," तो थुंकत म्हणाला. भागीबाईने दोरी उचलली आणि भर रस्त्याने चिमणीला घेऊन परतली.

फुलाबाई दारातच वाट बघत होती. कितीही झालं तरी शेजारीण.

"वाईट झालं गं. आता हिचं काय करशील?"

भागीबाई खाली बसली. तिने पुन्हा आडवं लाकूड घातलं, जीभ ओढली आणि काट्याने हलकेच एक दाणा बाहेर काढला. मग दुसरा. दोन्ही फुलाबाईच्या तळहातावर ठेवत ती म्हणाली, "हे घे. तुझा साबुदाणा."