व्हिएतनामी सँडविच आणि पाहुणे

"कांदेपोहे न्हाईत का?" विश्वंभरनं वेटरला विचारलं, आणि वैष्णवीनं टेबलाखालून बापाच्या पायावर पाय दिला.

"पोहे नक्को, चाचा," वेटर मुबश्शीर म्हणाला. गडी इथल्या वसमतचाच, पण डोक्यावर वेताची टोकदार टोपी घालून उभा होता. "व्हिएतनाम का सँडविच खाके देखो. सब यहीच मांगते."

"चार घेऊन या," वैष्णवीनं सांगून टाकलं. मग हळूच म्हणाली, "आबा, काहून एवढे घाबरून राहिले?"

काचेबाहेर वॉटर पार्कात सिमेंटचा डायनासोर उभा होता आणि त्याच्या शेपटीवरून पोरं किंचाळत पाण्यात घसरत होती. पाहण्याचा कार्यक्रम असल्या ठिकाणी कुणी ठेवतं का, असं त्यांच्या गावात, साखऱ्यात कुणीही विचारलं असतं. पण साखऱ्याला पत्ताच लागू नये म्हणून तर ही जागा. मागचं स्थळ गावानंच मोडलं होतं. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत कुणीतरी त्यांचे कान भरले. हेही मोडलं तर पुन्हा हा घाट घालायचा नाही, असं विश्वंभरनं पक्कं केलं होतं. आणि मोडू नये, असं त्याला फार फार वाटत होतं.

वैष्णवी नांदेडला दवाखान्यात नर्स होती, सुट्टीला घरी यायची. आई गेल्यापासून घरची काळजी तिलाच. सकाळी तिनं बापाला तीन शर्ट बदलायला लावले होते.

समोर सेनगावची मंडळी बसली होती. नागनाथ पतसंस्थेत नोकरीला, दिसायला नीटनेटका, बोलायला नेमका. शेजारी त्याची आई, मनकर्णा. नवऱ्यामागं शिवणकाम करून तिनं एकुलत्या लेकाला वाढवलं होतं. आल्यापासून पदर सावरत खाली बघत होती, तोंडातून शब्द नाही. ही गप्प म्हणजे नापसंतीच, असं विश्वंभरनं धरून टाकलं.

बाप नसल्यामुळं विचारपूस नागनाथलाच करावी लागत होती.

"शेती कशी हाय?"

"बरी हाय. सोयाबीन, तूर. विहिरीला पाणी हाय."

"घरात दारू, तंबाखू?"

"दारू कधीच न्हाई. तंबाखू होती, ती पोरीनं सोडवली."

"आन् सैपाक येतो का?"

"वरणभात, पिठलं बराबर जमतं," विश्वंभरनं घाईघाईनं सांगितलं. "भाकर तेवढी गोल येत न्हाई."

वैष्णवीनं मान खाली घालून हसू दाबलं. नागनाथही गालात हसला. मनकर्णाची मान मात्र वर झाली नाही.

तेवढ्यात सँडविच आले. हातभर लांब कडक पाव, आत पनीर, आंबट पाण्यात मुरवलेलं गाजर नि मुळा, काकडी आणि मूठभर कोथिंबीर. विश्वंभरनं मोठ्या हिमतीनं घास घेतला. पाव काही तुटेना. त्यानं जोर लावला तशी गाजराची अख्खी खेप नव्या शर्टावर आली आणि पावाचा चुरा मिशीत जाऊन बसला.

झालं! आता कसलं जमतंय, असं मनाशी म्हणत त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"चहा मागवा," मनकर्णा म्हणाली. तिचा हा पहिला शब्द.

चहा आला. तिनं आपल्या सँडविचवरचा पाव उचलला, मोडला, चहात बुडवला आणि बशी विश्वंभरपुढं सरकवली. "असं खावा. मऊ पडतंय."

त्यानं खाल्लं. मग मुरवलेलं गाजर तोंडात टाकलं, वर कोथिंबीर. आंबट, तिखट, थोडं गोड. चव अनोळखी होती, पण जिभेला पटली.

"ब्येस हाय की हे!" तो म्हणाला.

मनकर्णा खुदकन हसली.

वैष्णवीनं बापाकडं पाहिलं, नागनाथनं आईकडं. मग दोघं एकमेकांकडं बघत एकदमच उठली.

"चला ताई, आपण तो डायनासोर बघून येऊ," नागनाथ वैष्णवीला म्हणाला. "या दोघांना जरा बोलू द्या."

दोघं दाराबाहेर पडेपर्यंत मनकर्णा थांबली. मग तिनं विश्वंभरकडं सरळ पाहिलं.

"भाकर मी करीन गोल," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर पिठल्याचं तेवढं तुमी बघा."