डावखुऱ्याची गाठ

धनपालने सुखदेवच्या शब्दकोशाची पानं पाडली आणि शिशाच्या अक्षर-खिळ्यांचा चिवडा केला. नाही, असं काही झालंच नाही. पानं जागच्या जागी आहेत, तुम्ही निवांत वाचा.

इतवारीतल्या छापखान्यात हा आठशे पानांचा शब्दकोश जुळवायचं काम मालकांनी धनपालला सोडून सुखदेवला दिलं. तेव्हापासून धनपाल चहासुद्धा त्याच्याकडे पाठ करून प्यायचा.

जुळवलेल्या प्रत्येक पानाभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे हलवताना एकही खिळा निसटत नाही. धनपाल डावखुरा. त्याची उलटी गाठ त्याच्याशिवाय कुणाला सुटत नसे.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सुखदेवच्या एका पानाची सुतळी सोडली. आता नुसता धक्का पुरला असता. हात धुऊन आला, तर पान बांधलेलं होतं. उलट्या गाठीने.

दुसऱ्या दिवशी त्याने फळीवरची सगळीच पानं सोडली. वळून पाहिलं, तर सगळी बांधलेली.

"धनपालभाऊ, माह्या पानायले तूच बांधून राहिला का गा?" सुखदेवने गाठीवरून बोट फिरवलं. "अन् मले वाटे, तू माह्यावर जळतं!"

धनपालने खाली पाहिलं. त्याची दोन्ही मनगटं सुतळीने एकमेकांना बांधलेली होती. गाठ उलटी होती.

"तुईच गाठ हाय, सोड ना गा!"

"कोणत्या हातानं?"

मग मालकांच्या नावे अर्ज धनपालने सांगितला आणि सुखदेवने लिहून घेतला : "महोदय, माझी गाठ माझ्याशिवाय कोणासही मारू देऊ नये, आणि मलाही मारू देऊ नये, ही नम्र विनंती."