न पाहिलेला भाग

औरंगपुऱ्यातल्या एका दैनिकात रामकिसन मालिकांवर रोजचं सदर लिहायचा. भाग लागायचा रात्री आठला आणि पान छापायला जायचं संध्याकाळी सहाला. त्यामुळे भाग पाहण्याआधीच त्याचं परीक्षण तयार असायचं. अकरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. मालिकेतली सासूनं छळलेली मंजिरी रोज बॅग भरायची आणि उंबरठ्यावरून परत फिरायची.

निघायचं रामकिसनलाही होतं. पण राजीनामा पुढं केला की संपादक आप्पासाहेब म्हणायचे, "एवढी मालिका संपू द्या की. लई घाई तुम्हाला!"

शेवटी त्यानं ठरवलं, आता चूकच करायची. काल त्यानं बेधडक लिहून दिलं, 'मंजिरी घर सोडून गेली.' वाचक शिव्या घालतील, आप्पासाहेब हाकलून देतील आणि आपण सुटू.

काल रात्री मंजिरी खरंच घर सोडून गेली.

भाग न पाहिलेला रामकिसन सकाळी टेबलाचे खण रिकामे करून बॅग भरत होता, तेवढ्यात आप्पासाहेब पेढे घेऊन आले.

"रामकिसनराव, बाकी सगळ्या पेपरांत मंजिरी उंबरठ्यावरूनच परत आली! मुंबईवाल्यांच्या मनातलं तुम्हाला कळतं, अन् सोडून चालले व्हय? आता रिटायर होईस्तोवर नाव काढायचं नाय. आणखी दोन मालिका तुमच्याकडंच."

रामकिसननं बॅग टेबलाखाली सारली, पेढा खाल्ला आणि आजचा भाग लिहायला घेतला.

'मंजिरी बसस्टँडवरून परत आली.'