दोनशे मीटरच्या आत

ताईचं घर नकाशावर दोनशे सहा मीटरवर भरत होतं. तिच्या भावाने, छाननी करणाऱ्या कारकुनाने, तिसऱ्यांदा पट्टी लावली. घर जागचं हललं नाही.

नव्या रस्त्याच्या दोनशे मीटरच्या आत माणसं राहत असतील, तर हवेची सविस्तर तपासणी करावी लागे आणि रस्ता दोन वर्षं लटके. त्यापलीकडे राहणाऱ्यांची फुप्फुसं नियमाच्या मते मजबूत होती. ताईच्या लेकीची नव्हती. ती आताच उशांना टेकून बसल्याबसल्या झोपे. आणि आता शेजारून दिवसाला नऊ हजार ट्रक जाणार होते.

मोजायचं रस्त्याच्या मधोमधून की कडेपासून, हे नियमात नव्हतं. आजवर सगळे मधोमधून मोजत आले. त्याने कडेपासून मोजलं. एकशे चौऱ्याण्णव. ताईच्या ओळीतली चौदाही घरं आत आली. 'आत राहणारी माणसं' यापुढे साहेबांनी लिहिलेलं शून्य त्याने खोडलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. आधीच्या कारकुनानेही एक रस्ता अडवला होता. तो आता जिन्याखाली जुन्या फायलींना नंबर घालत बसतो.

"कडेपासून मोजलंत?"

"हो साहेब. धूर काही मधोमध थांबत नाही."

साहेब हसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बरोबर आहे तुमचं. इतकी वर्षं आम्ही झोपाच काढल्या म्हणायच्या. बसा, चहा घ्या. फक्त घरांची यादी नीट करून द्या. घर नंबर, माणसं किती, भिंती कसल्या. एकही घर सुटायला नको."

"भिंतीसुद्धा?"

"हवा फटीतूनही शिरते हो."

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, तुमच्या ओळीतल्या भिंती कसल्या गं?"

"विटांच्या. का, घर घेतोयस?"

"कामाचं विचारतोय. रस्ता अडला समज."

"अरे, साहेब खाईल तुला."

"चहा पाजला त्यांनी."

"मग तर नक्कीच खाईल." मागून खोकल्याचा आवाज आला. "थांब, हिला सांगते. मामाने ट्रक थांबवले म्हणून."

त्याने यादी सुवाच्य अक्षरात केली, दोनदा ताडून पाहिली आणि सही केली.

तीन आठवड्यांनी फाईल परत आली. बदलीचा हुकूम असणार म्हणून त्याने ती उभ्यानेच उघडली. हुकूम नव्हता. छाननीचा कागद होता. "दोनशे मीटरच्या आत राहणारी माणसं: शून्य. तपासणीची गरज नाही."

पुन्हा मधोमधून मोजलं वाटतं, असं म्हणत त्याने पान उलटलं. तसं नव्हतं. अंतर एकशे चौऱ्याण्णवच होतं, शेजारी साहेबांचा शेरा होता: "मोजणी अचूक." खाली त्याचीच यादी जोडलेली होती, त्याच्याच अक्षरात, चौदाच्या चौदा घरं. मथळा तेवढा नवा होता: आज पाडायची घरं.