आधी उंची

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या एका खिडक्यांच्या कारखान्यात माप लिहिताना आधी उंची लिहितात, मग रुंदी. गिऱ्हाइकं हटकून उलटं लिहितात, म्हणून ऑर्डर घेणारी ग्लेनिस तीस वर्षं न विचारताच लाल पेनाने बाण काढून आकड्यांची अदलाबदल करते.

सोमवारी ऐंशीचे वॉली पायबस काठी टेकत आले. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. भिंतीत आडवी जागा करून ठेवली होती आणि खिडकी आली उभी.

"चूक माझीच असणार गं," ते म्हणाले. "लेक वर्षभर सांगतेय, बाबा, तुमचं डोकं आता चालत नाही. मी भांडायचो तिच्याशी. खिडकी बघितली आणि गप्प बसलो. काल वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही केली, हत्यारंही वाटून टाकली."

"अहो, एवढ्यावरून? थांबा, तुमची चिठ्ठी बघते."

चिठ्ठीवर वॉलींच्या सुबक अक्षरात ६०० × १८०० होतं. आधी उंची, मग रुंदी, अगदी बरोबर. आणि त्यावर लाल बाण.

"मीच चुकलो ना गं?" वॉलींनी विचारलं, आणि ग्लेनिसचा अंगठा आपसूक त्या बाणावर गेला.